बिननावाचा अर्ज

१

बापूसाहेब वकिलांच्या तेराव्याची पातेली अजून अंगणात उपडी पडली होती. महादेवी आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. डोईवरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि तो सावरण्याचं तिला भान नव्हतं.

"आत या," सौदामिनी म्हणाली.

"आत कशाला, अक्का? तुमच्या वडलांनी माझा नवरा मारला. एवढं सांगायला आले."

महादेवीचा नवरा गुरुपादप्पा. गंज बाजारामागच्या जिनिंगमध्ये कापूस तोलण्याच्या काट्यावर बसणारा, लातुरात सगळ्यांना ठाऊक असलेला सरळ माणूस. सौदामिनीच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं.

"काय झालं गुरुपादप्पांना?"

"काल जिनिंगच्या विहिरीत उडी घेतली. लोकांनी काढलं. दवाखान्यात हाय, जीव हाय. पण पाणी घेईना. म्हणतो, नाव धुतल्याबिगर तोंडात थेंब घालणार न्हाई. डॉक्टर म्हणून राहिला, आधीच छातीत पाणी गेलंय, असं किती टिकंल." तिनं दाराची चौकट धरली. "तुमच्या वडलांनी त्या सिंधूचा अर्ज लिहिला. तिला कुणीतरी काट्याच्या खोलीत बोलावतो, अंगाला हात लावतो, म्हणून. त्या अर्जावर ह्यांना कामावरून काढलं. भर चौकात मुलं ह्यांच्या मागं हुर्यो करत गेली."

"पण बाबांच्या अर्जात नाव नव्हतं."

"तेच विचारते, अक्का. नाव नव्हतं, मग माझ्या नवऱ्याचं कुठून आलं? ती पोरगी आमच्या दारावरून जाता-येता 'गुरुपादप्पा मामा, मुरमुरं हायेत का' म्हणून वरडायची. मामा म्हणायची ती!"

"सिंधू काय म्हणते?"

"ती हाय कुठं? ह्यांना काढल्याच्या दुसऱ्या दिवशी गायब. परवा नांदेडला जिनिंगचे मालक शेठ फैसला करणार. अर्ज करणारी मुद्दईच हजर न्हाई झाली तर झाला तोच फैसला कायम." ती वळली आणि पुन्हा थांबली. "वकीलसाहेब असते तर त्यांचे पाय धरले असते. आता कुणाचे धरू?"

महादेवी फाटकापर्यंत गेल्यावर सौदामिनी अनवाणीच तिच्या मागं धावली.

"त्यांना म्हणावं, परवापर्यंत थांबा. मी जाते नांदेडला."

कुणाचं नाव घेऊन जाणार, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

२

वडलांच्या बैठकीत ती तेरा दिवसांत पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. अर्जाची नक्कल वरच होती. शेवटच्या तापाआधी त्यांनी हातावेगळं केलेलं ते अखेरचं काम.

सिंधू रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणारी बाई. तिच्या बोलण्याला बापूसाहेबांनी कुठंही कल्हई केली नव्हती. 'काम सुटल्याची शिट्टी झाली की मला काट्याच्या खोलीत बोलावतात. कापसात घाण आहे, पुन्हा निवड म्हणतात. दार लोटून घेतात. मी हात जोडले, रडले, ऐकत नाहीत. त्या माणसाचं नाव मला तोंडावर आणता येत नाही. शेठसमोर बोलावलं तर काय ते सांगेन.' खाली अंगठा.

बापूसाहेब अशिलाचं बोलणं जसंच्या तसं उतरवीत. 'आपण शहाणपण घातलं की खरं पातळ होतं,' असं म्हणत. पण ज्या अर्जात आरोपीचं नाव नाही, तो अर्ज त्यांनी आयुष्यात कधी दारातून बाहेर जाऊ दिला नव्हता. सौदामिनीनं तो पुन्हा वाचला. त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता का? नाव विचारायचं राहून गेलं का? त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीपायी एक माणूस दवाखान्यात पाण्यावाचून पडला असेल, तर ती चूक आता दुरुस्त करायला ते नव्हते. जी होती ती लेक. शाळेत मुलींना भूगोल शिकवणारी, घरभर पुस्तकं वाचलेली, आणि ह्या कामात अगदी कोरी.

दारात चपला वाजल्या. जिनिंगचे कारभारी हणमंतराव आले होते. पांढरंस्वच्छ धोतर, कपाळाला गंध, हातात केळ्यांचा फणा. अंत्यविधीची लाकडं ह्यांनीच पाठवली होती.

"बाईसाहेब, तुम्ही खचू नका. वकीलसाहेब म्हणजे आमच्या डोक्यावरचं छत्र होतं." ते खाली सतरंजीवर बसले. "महादेवी येऊन गेली म्हणे. वेडी आहे बिचारी. नवऱ्याचं पाप बायकोला कसं दिसावं?"

"अर्जात त्यांचं नाव नाही, हणमंतराव."

"काट्याची खोली आहे ना? मग काट्यावर कोण बसतं?" ते हळहळले. "मला का आनंद झाला? इतक्या वर्षांचा माणूस. पण बायांची इज्जत आधी. अर्ज रिवाजाप्रमाणं माझ्याच हातून नांदेडला गेला. शेठचा उलटा निरोप आला, चौकशी करा. मी केली."

"सिंधूला विचारलंत?"

"विचारलं. मान खाली घालून उभी राहिली. नाव घे म्हटलं, घेईना. भित्री जात." त्यांनी केळ्यांचा फणा पुढं सरकवला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "वकीलसाहेब शेवटी काही बोलले का? ह्या प्रकरणाचं?"

"शुद्धीवर नव्हते."

"हरी हरी," हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मिटण्याआधी ते डोळे क्षणभर तिच्या मांडीवरच्या कागदावर रेंगाळले होते.

३

जिनिंगच्या फाटकापाशी कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. मुकादम शेषेराव तिथं खुर्ची उलटी टाकून बसला होता. जाडा, पान खाऊन लाल तोंडाचा. बाया त्याच्या जवळून जाताना अंग चोरून जात. ह्या गावात कुणालाही विचारलं असतं, जिनिंगमध्ये असा उद्योग करणारा कोण, तर प्रत्येकानं त्याच्याकडेच बोट केलं असतं.

"या, वकीलीणबाई! बापाची गादी चालवायला घेतली का?"

"सिंधूविषयी विचारायचं होतं."

"विचारा की. समद्या गावाला वाटतं शेषेरावानंच केलं. हाव, माझं तोंड घाण हाय. बायांना शिव्या घालतो, काम काढतो. पण शिट्टी झाली की मी सरळ कलालाकडं, दारू प्यायला. कलालाला विचारा. तिथं माझी हजेरी इथल्यापेक्षा पक्की हाय." तो स्वतःच खदाखदा हसला, मग हसू आवरून इकडंतिकडं पाहिलं. "एक सांगतो. शिट्टी झाल्यावर काट्याच्या खोलीला कुलूप पडतं. गुरुपादप्पा किल्ली हापिसात देतो अन् घरी जाऊन पूजेला बसतो. लिंगायत माणूस, सांजची पूजा चुकवायचा न्हाई. मग शिट्टीनंतर खोली उघडी कशी, ह्याचा इचार कुणी केला?"

"किल्ली हापिसातून कोण घेऊ शकतं?"

"मी घेऊ शकतो. कारभारी घेऊ शकतात. दुसऱ्याला चपराशी हात लावू देत न्हाई." तो पिंक टाकून उठला. "झालं. आता माझ्या गळ्यात फास अडकवा आणि जा."

गुरुपादप्पा संशयातून सुटला होता. निदान तिच्या मनात तरी. दोघं उरले होते, आणि त्यातला एक आपण होऊन सांगून गेला होता की किल्ली मी घेऊ शकतो.

रेच्यांच्या शेडमागं दानम्मा सरकीच्या ढिगावर भाकरी खात बसली होती. सिंधूच्या शेजारच्या रेच्यावरची ही बाई, निलंग्याकडची. बोलण्याचा सपाटा मोठा.

"शेषेराव?" तिनं भाकरीचा तुकडा हवेतच धरला. "त्याला तर सिंधू तोंडावर शिव्या द्यायची की! 'शेषेरावाच्या तोंडात माती, शेषेरावाचा मुडदा बशिवला,' दिवसभर जप. एकदा त्यानं ऐकलं, तर म्हणाली, 'तुमच्याच नावानं बोटं मोडून राहिले, मुकादम, दुसरं कुणाचं न्हाई.' आम्ही हसून हसून लोळलो. त्याला ती भीत नव्हती, बाई."

"मग कुणाला भीत होती?"

दानम्मानं हातातला तुकडा खाली ठेवला.

"मला ठावं न्हाई. मला लेकरं हायेत." तिनं भाकरी फडक्यात बांधली. "तिचा नवरा दगडोबा इथं कापसाच्या गासड्या उचलायचा. अर्ज गेला आणि लगेच त्याची बदली नांदेडच्या गासड्या बांधायच्या प्रेसला. कोण करतं बदली, तुम्हीच बघा. सिंधूची सासू मुखेडकडं असती, साखराबाई. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

घरी परतताना सौदामिनी पुन्हापुन्हा एकाच जागी अडखळत होती. ज्या बाईला गुरुपादप्पाचं नाव घेऊन मुरमुरे मागता येतात, शेषेरावाचं नाव घेऊन बोटं मोडता येतात, तिला एक नाव मात्र तोंडावर आणता येत नाही. भीती म्हणावी, तर शेठपर्यंत अर्ज करणारी बाई ती. शिसारी म्हणावी, तर शिव्या देताना तिला शिसारी आडवी आली नाही.

मग हे नाव एवढं जड का?

४

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मोटारीनं ती निघाली. निघण्याआधी दवाखान्यात डोकावली. गुरुपादप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठांवर साली धरल्या होत्या. बाहेर पोलीस बसला होता, कारण जीव द्यायला जाणं हाही गुन्हा.

"गुरुपादप्पा, सौदामिनी आहे. वकिलांची."

तो वळला नाही. भिंतीकडे बघूनच म्हणाला, "लेकीसारखी होती ती."

एवढंच. महादेवीनं वाटी पुढं केली, त्यानं ओठ मिटून घेतले.

चाकूर, अहमदपूर मागं पडलं. महायुद्धामुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या भट्टीवर चालत होती आणि चढाला लोक उतरून ढकलत होते. फाट्यावर उतरून ती बैलगाडीनं मुखेडच्या अलीकडच्या वाडीत पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आजूबाजूला नुसतं कुसळी रान. साखराबाई दारात जोंधळा पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"सून हितं न्हाई."

"मी बापूसाहेब वकिलांची मुलगी. ते गेले."

सूप थांबलं. "गेले? देवमाणूस व्हता म्हणं." साखराबाईनं तिला नीट पाहिलं आणि पाट सरकवला. "बस. पाणी पी. पण सून हितं न्हाई."

सौदामिनी पाणी प्याली. काय विचारावं ते तिला कळेना. जिथं सगळे रस्ते बंद, तिथं माणूस घरच्यांचीच विचारपूस करतो, तशी तिनं केली. "दगडोबा एकटाच का तुम्हांला?"

"त्याच्या आधी पाच गेले, माय. एकेक असं, चंद्रावानी. सहावा झाला तवा सुईणीनं उकिरड्यावर लोळवला, मूठभर कोंड्याला शेजारणीला इकला अन् परत घेतला. नाक टोचलं. दगडोबा म्हणायला लागलो. मरणाला वाटावं, दगड हाय, ह्याला काय न्यायचं." ती हसली. वरच्या दातांतले दोन नव्हते. "पर पाळण्यात ते नाव घालत असत्यात व्हय? पाळण्यातलं नाव येगळं. वेशीतल्या देवाला नवस केला व्हता, त्याचंच ठिवलं. लग्नात भटजीनं तेच घेतलं, सुनंनं उखाण्यात तेच घेतलं. पुन्यांदा कुणी उच्चारलं न्हाई. मीबी न्हाई. दिष्ट लागती."

"वेशीत कुठला देव?"

"शेंदराचा. हणमंत."

साखराबाई पुन्हा पाखडू लागली. सौदामिनीच्या हातातला तांब्या मात्र तसाच अधांतरी राहिला.

तिच्या आईनं उभ्या जन्मात बापूसाहेबांचं नाव घेतलं नव्हतं. 'अहो' म्हणे, 'घरात आहेत का' म्हणे. बोळातल्या त्यांच्याच नावाच्या एका वाण्यालासुद्धा 'तो कोपऱ्यावरचा' म्हणे. सौदामिनी स्वतः बिनलग्नाची. तिच्या तोंडाला अशी अट कधी पडलीच नव्हती, म्हणून दोन दिवस ती भीती आणि शिसारी ह्यांच्यातच चाचपडत राहिली. लातुरात सगळ्यांना सिंधूचा नवरा दगडोबा म्हणून ठाऊक. दगडोबा नावाचा दुसरा कुणी जिनिंगमध्ये नाही. मग हे कुणाच्या ध्यानात यावं?

गुरुपादप्पाचं नाव ती घेत होती. शेषेरावाचं घेत होती. किल्लीला हात लावणारा तिसरा एकच होता.

ती उठली आणि अंधारलेल्या खोपटाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "सिंधू, तुला नाव घ्यायला नको. मीच घेते. कारभारी हणमंतराव."

कणगीमागं काहीतरी हललं. आधी बांगड्या वाजल्या, मग हुंदका आला.

५

सिंधू बाविशीची असेल. पंधरवड्यात गाल आत गेले होते. ती साखराबाईच्या आड बसून बोलली, सौदामिनीकडे न पाहता.

"वकीलसाहेबास्नी मी समदं सांगितलं व्हतं. हापिसातला मोठा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, पोरी, हा कागद रिवाजानं त्याच्याच हातातून जाणार. त्यात त्याचं वर्णन लिहिलं तर कागद नांदेडला पोचायचा न्हाई. तू म्हणतीस तेच लिवतो, नाव तोंडावर आणता येत न्हाई. खरंबी हाय, अन् नाव न्हाई म्हणून तो बिनघोर पुढं धाडंल. शेठसमोर मी तुझ्याबरोबर येतो."

सौदामिनीनं तो अर्ज मनात पुन्हा वाचला. चूक नव्हती तर. तापातला माणूसही नव्हता तो. तो कागद त्यांनी शुद्धीत, विचार करून, त्याच माणसाच्या हातून त्याच्याच विरुद्ध पाठवला होता. फक्त बरोबर जायला ते उरले नाहीत.

"मग तू बोलली का नाहीस? गुरुपादप्पांना काढलं तेव्हा?"

"आले की सांगायला! तुमच्या दारात. आत रडारड चालली व्हती. वकीलसाहेब त्याच दिशी..." तिनं पदर तोंडात कोंबला. "तिथनं फिरले, तर फाटकापाशी तो उभा. म्हणाला, दगडोबा नांदेडला माझ्या माणसाच्या हाताखाली हाय, गासडी अंगावर पडाया किती येळ लागतो. मग पळाले."

"त्याला ठाऊक आहे का? तुझ्या घरधन्याचं पाळण्यातलं नाव?"

सिंधूनं होकारार्थी मान हलवली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "कामावर लागले त्या दिशी ह्यांनीच भोळेपणानं सांगितलं. आपलं नाव एकच हाय, सायेब. तवापास्नं... त्या खोलीत तो दुसरं काय मागायचा न्हाई आधी. म्हणायचा, नाव घे माझं. घरी तर घेता येत न्हाई, हितं घे, मग सोडतो. मी दात आवळून उभी ऱ्हायचे. तो हसायचा अन्..."

साखराबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारीला हे आजच कळत होतं, हे तिच्या हातावरून दिसलं.

"उद्या नांदेडला यायचं," सौदामिनी म्हणाली. "गुरुपादप्पा पाण्यावाचून मरतोय."

सिंधूनं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. "मामा? मला कुणी सांगितलं न्हाई." ती उठून उभी राहिली. "पर बाई, शेठ म्हणाले, तूच नाव घे, तर?"

"आधी चल," सौदामिनी म्हणाली. उत्तर ती रस्ताभर शोधत राहिली.

६

नांदेडच्या पेढीत शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. बाजूला मुनशी, समोर हणमंतराव. त्यांनी सिंधूला आत येताना पाहिलं. तोंडावरची रेषही हलली नाही, फक्त उपरणं सारखं केलं.

सौदामिनीनं सगळं सांगितलं. किल्ली कुणाच्या हाती असते, ते. सिंधू कुणाकुणाची नावं बिनघोर घेत होती, ते. बदली कुणी केली, ते. आणि नाव न घेण्याचं कारण. शेठनी मधे तोंड घातलं नाही. व्यापारी माणूस, माल पुरता पाहिल्याशिवाय भाव न बोलणारा.

"हणमंतराव?"

"बाईसाहेब दुःखात आहेत, मी त्यांना दोष देत नाही," हणमंतराव सावकाश म्हणाले. "पण हुजूर, हजेरीत बघा. हिच्या नवऱ्याचं नाव दगडोबा. सगळी जिनिंग दगडोबा म्हणते. मग माझं नाव घ्यायला हिला अडचण कसली? ही गोष्ट कालपरवा रचलेली आहे. सुशिक्षित डोकं आहे, रचणं काय अवघड?"

मुनशीनं हजेरी काढून दाखवली. दगडोबा. शेठनी मान डोलावली.

"तिनं त्यांच्याकडं बोट दाखवलं तर?" सौदामिनीनं विचारलं.

"शिकवून आणलेलं बोट कुणाकडंही वळतं," हणमंतराव म्हणाले. "बयान मुद्दईच्या तोंडचं लागतं. विचारा तिला, हुजूर. समोर उभी आहे. कुणी अडवलंय?" आणि ते सिंधूकडं वळून, अगदी मायेनं, हसले. "घे बाई नाव. घे."

सौदामिनीला त्या हसण्यात काट्याच्या खोलीचं दार लोटलेलं ऐकू आलं.

सिंधूचे ओठ हलले. आवाज नाही. तिच्या लेखी ते नाव उच्चारणं म्हणजे नवऱ्याचं आयुष्य आपल्या हातानं कापणं, आणि तेही ह्या माणसाच्या तोंडावर, त्याला हवं होतं तसं. शेठनी एकदा घड्याळाकडं पाहिलं. मुनशी कलम पुसू लागला. तिकडं लातुरात एक माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता, आणि इथं त्याचा फैसला कायम होत होता.

"तिच्या नवऱ्याला बोलवा," सौदामिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुमच्याच प्रेसमध्ये आहे. त्याला त्याचं नाव विचारा. एवढं केल्याशिवाय मी इथून उठणार नाही, शेठजी. उचलून बाहेर टाकावं लागेल."

हणमंतराव पहिल्यांदाच घाईनं बोलले. "कामावरचा माणूस कशाला—"

"बोलवा," शेठ म्हणाले.

दगडोबा आला. अंगभर कापूस चिकटलेला, आडदांड, बावरलेला. बायकोला पाहून तो दारातच थबकला. काय चाललंय ते सौदामिनीनं त्याला थोडक्यात सांगितलं. काट्याच्या खोलीपाशी आल्यावर तिला शब्द सुचेनात, पण त्याला ते लागले नाहीत. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. सगळ्यांना वाटलं, हा आता हणमंतरावांच्या अंगावर जाणार. हणमंतरावांनाही वाटलं, ते मागं सरकले.

पण दगडोबा शेठसमोर हात जोडून उभा राहिला.

"हुजूर, माझं पाळण्यातलं नाव हणमंत. माझ्या आईला इचारा, लग्नातल्या भटजीला इचारा. ह्या सायेबास्नीबी मीच सांगितलंय. खोटं असंल तर सायेबांनी माझ्या डोळ्यात बघून म्हणावं."

हणमंतरावांनी छताकडं पाहिलं. शेठनी हणमंतरावांकडं.

"पर बयान तिच्याच तोंडचं लागतं म्हणता," दगडोबा पुढं म्हणाला. तो बायकोकडं वळला. एवढ्या लोकांत बायकोशी बोलायची त्याला सवय नव्हती; तो तिच्या पायांकडं बघून बोलला. "सिंधे, ऐक. ते नाव मी आज टाकलं. माझ्या आईनं मला दगड म्हणून वाचवलं, मी दगडोबाच बरा. त्या नावाचा माणूस आता आपल्या घरात कुणी न्हाई. माझ्या आयुष्याला काय व्हत न्हाई. तू घे."

मुनशीनं पुसलेली कलम पुन्हा हातात घेतली.

सिंधूनं डोळे पुसले. पदर कमरेला खोचला, रेच्यावर काम सुरू करताना बाया खोचतात तसा. मग ती हणमंतरावांच्या समोर गेली. हाताच्या अंतरावर.

"लई दिस माझ्या मागं लागला व्हता तुम्ही, नाव घे म्हणून," ती म्हणाली. "आता ऐका. हणमंतराव. हणमंतराव कारभारी. शिट्टीनंतर मला खोलीत घालून दार लोटणारे, ते हेच हणमंतराव. गुरुपादप्पा मामा न्हाईत. शेषेराव न्हाईत. हणमंतराव."

हणमंतरावांनी दोन वेळा गंध लावलेलं कपाळ उपरण्यानं पुसलं. गंध फिसकटून भुवईवर आलं.

शेठनी लोडावरून पाठ उचलली. "हे प्रकरण बाहेर जायचं नाही," ते आधी म्हणाले. "हणमंतराव, किल्ल्या मुनशीकडं द्या. पुन्हा लातूरच्या फाटकात पाय ठेवायचा नाही. बाई, झालं तुमचं?"

"नाही," सौदामिनी म्हणाली. "तोंडी काढलंत तर उद्या लोक म्हणतील, कारभारी स्वतःहून गेले. गुरुपादप्पाला तोंडी निरोपानं पाणी उतरणार नाही. लिहून द्या. कुणी केलं आणि कुणी केलं नाही, दोन्ही. आणि लातूरला तार करा, आत्ता."

"पेढीची अब्रू जाईल, बाई."

"पेढीची अब्रू दवाखान्यात पडली आहे, शेठजी. अजून श्वास घेतेय. लवकर करा."

शेठ तिच्याकडं बघत राहिले. ही बापूसाहेबांची, हे त्यांना त्या क्षणी पटलं असावं. त्यांनी मुनशीला खूण केली.

मुनशीनं कागद ओढला, कलम दौतीत बुडवली. तारेचा मजकूर एका बाजूला, फैसला दुसऱ्या बाजूला. रिवाजाप्रमाणं मान वर न करता त्यानं विचारलं, "मुलजिमचं नाव?"

सौदामिनीनं तोंड उघडलं. पण तिच्याआधी सिंधूच बोलली. ह्या वेळी आवाज चढवला नाही, थांबली नाही. बाजारात भाव सांगावा तसं तिनं ते नाव सांगितलं, आणि मुनशीनं ते नीट लिहिलं की नाही हे बघायला, वाचता येत नसूनही, कागदावर वाकली.